व्हे डिमिनरलायझेशन: इलेक्ट्रोडायलिसिस स्टॅकचा रेझिस्टन्स वाढतोय, सीआयपीनंतरही पूर्ण उतरत नाही

निवळी_प्रक्रिया

नमस्कार मंडळी. बॅच पद्धतीने चालणाऱ्या इलेक्ट्रोडायलिसिस स्टॅकबद्दल (विजेच्या जोरावर मेंब्रेनमधून क्षार ओढून काढणारा संच) मदत हवी आहे. आधी माहिती देतो, मग प्रश्न.

माल: चीजची गोड व्हे (चीज बनवताना उरणारी निवळी). सेपरेटरमधून काढलेली, पाश्चराइझ केलेली, इव्हॅपोरेटरवर २० टक्के घनपदार्थांपर्यंत आटवलेली. स्टॅकमध्ये १५ अंश सेल्सिअसला फिरते.

स्टॅक: २०० सेल पेअर (प्रत्येकात धन आयन सोडणारी एक कॅटायन मेंब्रेन आणि ऋण आयन सोडणारी एक ॲनायन मेंब्रेन), एका मेंब्रेनचं कामाचं क्षेत्र ०.४ चौरस मीटर. रेक्टिफायर स्थिर व्होल्टेजवर आहे, बॅचच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत २०० व्होल्ट. लक्ष्य ९० टक्के डिमिनरलायझेशन, म्हणजे डायल्युएटची (ज्यातून क्षार काढायचे त्या मालाची) कंडक्टिव्हिटी ११ वरून १.१ मिलिसीमेन्स प्रति सेंमीपर्यंत उतरवायची (पुढे नुसतं ‘एमएस’ लिहितो).

अडचण: मेंब्रेन नवीन असताना बॅच ३ तासांत उरकत होती, आता ४ तास ४० मिनिटं लागतात. सीआयपीनंतर (स्टॅक न उघडता द्राव फिरवून केलेली धुलाई) पहिली बॅच जरा बरी जाते, दुसरीपासून पुन्हा तेच. सीआयपी अशी: पाणी, मग १ टक्का कॉस्टिक सोडा ३५ अंशांना ३० मिनिटं, पाणी, मग १ टक्का नायट्रिक २० मिनिटं, पुन्हा पाणी. पाणी साधं, सॉफ्टनरमधून न गेलेलं.

कॉस्टिक २ टक्के करावं का? की मेंब्रेनचं आयुष्य संपलं असं समजून सगळा संच बदलावा?

पटल_आणि_प्रवाह

कॉस्टिक वाढवू नका. मेंब्रेनही इतक्यात बदलू नका. नक्की काय साचलंय आणि कुठल्या बाजूला साचलंय हे कळल्याशिवाय दोन्ही निर्णय अंधारात घेतल्यासारखे होतील.

‘स्टॅक मंद झाला’ या एका तक्रारीमागे तीन वेगळे आजार असू शकतात. तेवढ्याच व्होल्टेजला करंट कमी येत असेल तर रेझिस्टन्स वाढलाय, म्हणजे फाउलिंग (सेंद्रिय मळ) किंवा स्केलिंग (क्षारांचा कडक थर). करंट पूर्वीइतकाच येतोय पण कंडक्टिव्हिटी हळू उतरते, तर करंट वाया जातोय: मेंब्रेनला भोक, गॅस्केटमधून गळती, किंवा मॅनिफोल्डमधून (सगळ्या कप्प्यांना द्राव पुरवणाऱ्या वाटेतून) होणारा करंटचा आडमार्ग. आणि स्टॅकच्या दोन टोकांतला प्रेशर ड्रॉप वाढला असेल तर स्पेसरमध्ये (दोन मेंब्रेनमधल्या जाळीत) प्रोटीनचे कण, चरबी किंवा जंतूंची बुळबुळ अडकली आहे. हे तिन्ही एकत्रही येतात, पण उपाय तिघांचे वेगळे.

करंट वाया जातोय का ते पाहायला साधा हिशेब पुरतो. सेल पेअर गुणिले सरासरी अँपिअर गुणिले सेकंद, भागिले ९६,४८५. आले तितके इक्विव्हॅलंट (भाराच्या हिशेबाने मोल) क्षार निघायला हवेत. समजा १०० पेअर, २० अँपिअर, १ तास आणि ८५ टक्के करंट एफिशियन्सी. तर सुमारे ६३ इक्विव्हॅलंट, सोडियम क्लोराइडच्या भाषेत ३.७ किलो. प्रत्यक्ष आकडा याच्या खूप खाली असेल तर आधी गळती शोधा.

रेझिस्टन्स व्हेवर मोजू नका, कारण प्रत्येक लॉटची व्हे वेगळी. सीआयपीनंतर डायल्युएट आणि कॉन्सन्ट्रेट (निघालेले क्षार गोळा करणारं पाणी) दोन्ही लूपमध्ये ०.५ टक्के मिठाचं पाणी भरा, २५ अंशांवर आणा, ठरलेल्या प्रवाहाला ५० व्होल्ट लावा आणि २ मिनिटांनी करंट लिहून ठेवा. तापमान सांभाळणं महत्त्वाचं, कारण दर अंशामागे कंडक्टिव्हिटी सुमारे २ टक्के बदलते. दर आठवड्याला हा एक आकडा वहीत असेल तर मेंब्रेन कधी थकायला लागली हे बॅच लांबायच्या बरंच आधी दिसतं.

आता स्टॅक उघडा. पहिले, मधले आणि शेवटचे १० पेअर पुरेत. दर २५ पेअरमागे प्लॅटिनमची तार घालायची सोय असेल तर ज्या गटाचा व्होल्टेज जास्त, तिथेच उघडा. पुढचं नोंदवा:

ॲनायन मेंब्रेन की कॅटायन? डायल्युएटकडची बाजू की कॉन्सन्ट्रेटकडची? थर प्रवाहाच्या तोंडाशी जास्त आहे की बाहेर पडतो तिथे? कडक पांढरा आहे की चिकट पिवळसर? थरावर १० टक्के हायड्रोक्लोरिकचा थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट. न फसफसता विरघळलं तर बहुधा कॅल्शियम फॉस्फेट किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. त्या द्रावात नायट्रिक आणि अमोनियम मॉलिब्डेट घालून कोमट केल्यावर पिवळा साका आला की फॉस्फेट नक्की. ॲसिडने हलत नाही पण कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि बाययुरेटला (प्रोटीन ओळखायची चाचणी) जांभळा रंग देतं, ते प्रोटीन.

मेंब्रेन उघड्यावर सुकू देऊ नका. हाताळताना १ ते ३ टक्के मिठाच्या पाण्यात ठेवा. एकदा सुकून आक्रसली की चिरा पडतात आणि मापही बदलतं.

सोबत बॅचमधले करंट आणि दोन्ही लूपचे पीएच द्या. सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे.

निवळी_प्रक्रिया

उघडून पाहिलं. कॅटायन मेंब्रेन जवळपास स्वच्छ आहेत. ॲनायन मेंब्रेनच्या कॉन्सन्ट्रेटकडच्या बाजूला पांढरा कडक थर आहे, प्रवाह बाहेर पडतो त्या अर्ध्या भागात जास्त. थेंब टाकल्यावर फसफसलं, पण काही भाग न फसफसता विरघळला आणि मॉलिब्डेटला पिवळं आलं. त्याच मेंब्रेनच्या डायल्युएटकडे पातळ, पिवळट, बुळबुळीत पापुद्रा आहे. बाययुरेट पॉझिटिव्ह. प्रेशर ड्रॉप फारसा वाढलेला नाही.

करंट: ११ एमएसला ३८ अँपिअर, २ एमएसला १२.५, शेवटी १.१ एमएसला ७.५. डायल्युएटचा पीएच ६.२ वरून ५.३ वर येतो. कॉन्सन्ट्रेटचा ७ वरून ८.४ वर जातो. कॉन्सन्ट्रेटमध्ये ॲसिड डोसिंग नाही.

क्षारमापक

या आकड्यांत सगळं उत्तर आहे. शेवटच्या टप्प्यात तुम्ही लिमिटिंग करंटच्या वर चालवताय आणि ॲनायन मेंब्रेनवर पाणी फुटतंय.

डायल्युएट पातळ होत गेला की मेंब्रेनला लागून असलेल्या थरात आयन पोचायचा वेग अपुरा पडतो. तरीही करंट रेटला तर आयनांची उणीव भरून काढायला पाण्याचेच हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयन होतात. ॲनायन मेंब्रेनवर हे घडलं की हायड्रॉक्सिल मेंब्रेन ओलांडून कॉन्सन्ट्रेटमध्ये जातो आणि हायड्रोजन डायल्युएटमध्ये मागे राहतो. म्हणून तुमचं डायल्युएट आंबट होतंय आणि कॉन्सन्ट्रेट अल्कधर्मी. कॉन्सन्ट्रेटच्या टाकीत ८.४ दिसतो, पण मेंब्रेनच्या पृष्ठभागावर पीएच त्याहून बराच वर असणार. तिथेच व्हेतून आलेले कॅल्शियम, फॉस्फेट आणि बायकार्बोनेट एकत्र भेटतात, आणि कार्बोनेट व फॉस्फेट दोन्ही जागच्या जागी बसतात. थर बाहेर पडणाऱ्या भागात जास्त आहे, कारण डायल्युएट तिथे सर्वांत पातळ.

प्रोटीनच्या पापुद्र्याचं मूळही तेच. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या व्हेतल्या मुख्य प्रोटीनचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला त्याचा एकूण भार शून्य होतो) ५.२ च्या आसपास आहे. त्यापेक्षा वरच्या पीएचला ते ऋणभारित असतं, म्हणून विद्युतक्षेत्र त्याला ॲनायन मेंब्रेनकडेच ओढतं. रेणू मोठा असल्याने आत शिरत नाही, पृष्ठभागावर गोळा होतो. तिथे पाणी फुटून पीएच ५.२ च्या जवळ आला की त्याची विद्राव्यता सर्वांत कमी. त्यात हे ग्लोब्युलिन, विरघळून राहायला त्याला थोडं मीठ लागतंच, आणि मीठ तर तुम्ही काढून टाकलेलं. म्हणजे दोन्ही बाजूंचे थर एकाच कारणातून आलेत. एका बाजूचाच इलाज केला तर तो टिकणार नाही.

आता स्थिर व्होल्टेजचं. बरेच जण समजतात की व्होल्टेज तेवढाच ठेवला तर करंट आपोआप उतरतो, तेव्हा धोका नाही. करंट उतरतो हे खरं, पण कंडक्टिव्हिटी ज्या प्रमाणात उतरते त्या प्रमाणात नाही, कारण मेंब्रेन आणि कॉन्सन्ट्रेटचा रेझिस्टन्स स्थिरच राहतो. करंटला कंडक्टिव्हिटीने भागा: ३८ भागिले ११ म्हणजे ३.५, १२.५ भागिले २ म्हणजे ६.३, ७.५ भागिले १.१ म्हणजे ६.८. लिमिटिंग करंट साधारण कंडक्टिव्हिटीच्या प्रमाणात घटतो, म्हणून खरी तुलना या भागाकाराची. तो बॅचभर चढतोय. सुरुवातीला तुम्ही सुरक्षित असता आणि पुढे कधीतरी नकळत सीमा ओलांडता.

सीमा नेमकी कुठे आहे ते तुमच्याच मालावर मोजायला हवं. बॅच १.५ एमएसच्या आसपास आली की व्होल्टेज ६० वर आणा आणि १० व्होल्टच्या पायऱ्यांनी चढवत जा. प्रत्येक पायरीला अर्धा ते एक मिनिट थांबून करंट लिहा. हे सगळं १० ते १२ मिनिटांत आटोपा, नाहीतर कंडक्टिव्हिटीच बदलून जाईल. प्रवाह आणि तापमान रोजच्यासारखंच ठेवा. मग आडव्या अक्षावर १ भागिले करंट आणि उभ्या अक्षावर व्होल्टेज भागिले करंट असा आलेख काढा. रेषा एका ठिकाणी वळते. तो वळणबिंदू म्हणजे लिमिटिंग करंट. त्याच्या ७० ते ८० टक्क्यांवर चालवायचं. आलेखाचा वळणबिंदू धूसर आला तर डायल्युएटचा पीएच कुठल्या पायरीला घसरायला लागतो ते पाहा. प्रोटीन असलेल्या द्रावात तीच खूण जास्त भरवशाची वाटते.

समजा तुमच्या स्टॅकवर सीमा दर एमएसमागे ५.६ अँपिअर निघाली, तर ७५ टक्के म्हणजे ४.२. तुमच्या आकड्यांवरून स्टॅकचा रेझिस्टन्स अंदाजे २.९ ओहम स्थिर, अधिक २६ भागिले डायल्युएटची कंडक्टिव्हिटी, असा बसतो. त्या हिशेबाने २०० व्होल्टला तुम्ही साधारण ७.४ एमएसच्या खाली ७५ टक्क्यांची मर्यादा सोडता आणि ३.३ च्या खाली प्रत्यक्ष सीमाच ओलांडता. मग पायऱ्या अशा येतात: ७.४ पर्यंत २०० व्होल्ट, तिथून ५ पर्यंत १७०, ५ ते ३ दरम्यान १४५, त्याखाली १२०. पण हे आकडे मळलेल्या स्टॅकचे आहेत. धुतल्यावर तेवढ्याच व्होल्टेजला करंट जास्त येईल आणि मर्यादा पुन्हा ओलांडली जाईल. म्हणून पीएलसीमध्ये (प्लांटच्या कंट्रोलरमध्ये) व्होल्टेजच्या पायऱ्यांऐवजी करंटचीच कमाल मर्यादा घाला: डायल्युएटची कंडक्टिव्हिटी गुणिले ४.२. हे एक गणित घातलं की स्टॅक मळका असो वा स्वच्छ, नियम तोच लागू राहतो.

बॅच लांबेल ही भीती रास्त आहे, पण वाटते तेवढी लांबत नाही. सीमेच्या वरचा करंट क्षार काढतच नसतो, तो हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल वाहून नेण्यात जातो. वेळ खरंच कमी करायचा असेल तर डायल्युएटचा वेग वाढवा. स्पेसरमधला रेषीय वेग सेकंदाला ५ सेंमीपेक्षा कमी असेल तर तिथे बरीच जागा आहे. आणि ७० टक्क्यांनंतर इलेक्ट्रोडायलिसिसचा प्रत्येक टक्का महाग पडतो. शेवटचा भाग आयन एक्स्चेंज रेझिनवर नेणं हा जुना आणि समंजस मार्ग आहे.

कॉन्सन्ट्रेटमध्ये हायड्रोक्लोरिकचं डोसिंग मात्र लगेच सुरू करा. पीएच ३.५ ते ५ मध्ये धरा. त्या पट्ट्यात बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि फॉस्फेट एकभारी, विरघळणाऱ्या रूपात राहतं. २ च्या खाली जाऊ नका. ॲनायन मेंब्रेन प्रोटॉनला नीट अडवू शकत नाही, तो गळून डायल्युएटमध्ये येतो आणि प्रोटीनचा त्रास उलट वाढतो. मेकअपचं (लूपमध्ये भर घालायचं) पाणी सॉफ्ट हवं, आणि ब्लीड (लूपमधून सोडून द्यायचं पाणी) इतकं ठेवा की कॅल्शियम लूपमध्ये साठत जाणार नाही.

धुवण_तज्ज्ञ

वरचं निदान पटलं. आता तुमच्या सीआयपीबद्दल, कारण त्यात तीन चुका आहेत आणि तिसरी सर्वांत महागात पडणारी.

पहिली, कठीण पाण्यात कॉस्टिक. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट कॉस्टिक पडताच कार्बोनेट होऊन खाली बसतं. म्हणजे धुताना तुम्ही नवा थर चढवताय. सीआयपीचं आणि नंतरच्या धुण्याचं पाणी सॉफ्ट किंवा आरओचंच हवं.

दुसरी, नायट्रिक. ते ऑक्सिडायझर आहे. मेंब्रेनच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट परवानगी नसेल तर टाळा. सल्फ्युरिक तर नकोच, कॅल्शियमबरोबर जिप्सम होईल आणि ते काढणं कार्बोनेटपेक्षा कितीतरी अवघड. हायड्रोक्लोरिक उत्तम, पण स्टेनलेसच्या पाइपला आणि पंपाला ते खड्डे पाडतं. लूप पीव्हीसी किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असेल तरच वापरा. स्टेनलेस असेल तर २ टक्के सायट्रिक. वेळ जास्त लागतो, पण चालतं.

तिसरी, नुसतं कॉस्टिक. त्याच्याबरोबर मीठ हवं. ॲनायन मेंब्रेनवर बसलेलं प्रोटीन आणि सेंद्रिय आम्लं तिथल्या धनभारित गटांना धरून बसलेली असतात. त्यांना सोडवायला जागेवर दुसरा ॲनायन यावा लागतो, तो क्लोराइड. शिवाय खारट पाण्यात मेंब्रेन थोडी आक्रसते, पुन्हा पाण्यात फुगते, आणि त्या हालचालीनेही चिकटलेला थर सैल होतो. नुसतं कॉस्टिक तीव्र करत गेलात तर ॲनायन मेंब्रेनचे क्वाटर्नरी अमोनियम गट तुटतात, आणि मेंब्रेनचा पाया पीव्हीसीचा असेल तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघून ती तपकिरी-काळपट पडत जाते. तो रंग मळाचा नसतो, मेंब्रेन खराब झाल्याचा असतो. तो धुऊन जात नाही. आधी २ टक्के विचारलं होतंत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

तुमच्या परिस्थितीत क्रम असा ठेवा. ५०० लिटरच्या टाकीचे आकडे देतो.

रेक्टिफायर बंद. माल पाण्याने ढकलून काढा, मग २५ ते ३० अंशांच्या सॉफ्ट पाण्याने बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत धुवा. गरम पाणी नको. बहुतेक मेंब्रेनची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते, आणि फार गरम पाण्यात प्रोटीन शिजून घट्ट बसतं.

मग १ टक्का हायड्रोक्लोरिक दोन्ही लूपमध्ये. ३० टक्क्यांचं ॲसिड असेल तर ५०० लिटरला साधारण १६.७ किलो. आधी पाणी, मग ॲसिड. ३० ते ४५ मिनिटं फिरवा आणि पीएच पाहत राहा. १.५ च्या वर गेला की ॲसिड खर्ची पडतंय, भर घाला; १५ मिनिटं स्थिर राहिला की काम झालं. १ किलो कॅल्शियम कार्बोनेटला ०.७३ किलो शुद्ध हायड्रोक्लोरिक लागतं आणि त्यातून ०.४४ किलो, म्हणजे २० अंशांना सुमारे २४० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. टाकी उघडी आणि खोली हवेशीर हवी. स्टॅकमध्ये वायूचे फुगे अडकले तर तो भाग ॲसिडला भेटतच नाही, म्हणून प्रवाह खालून वर ठेवा आणि पहिली १० मिनिटं वरचा व्हेंट उघडा.

पीएच ६ च्या वर येईपर्यंत सॉफ्ट पाणी. हे नीट करा, नाहीतर पुढचं कॉस्टिक उरलेल्या ॲसिडमध्येच संपेल.

मग मीठ-कॉस्टिक: २५ किलो मीठ आणि १ ते २ किलो कॉस्टिक फ्लेक्स, म्हणजे ५ टक्के मीठ आणि ०.२ ते ०.४ टक्के कॉस्टिक. ३० ते ३५ अंश, ४५ मिनिटं. मीठ कमी कॅल्शियम-मॅग्नेशियमचं, रिफाइंड घ्या. दोन्ही लूपमध्ये एकच द्राव ठेवा. एकीकडे खारं आणि दुसरीकडे गोडं पाणी ठेवलं तर ऑस्मोसिसने पाणी ओढलं जाऊन मेंब्रेनवर ताण येतो. एका लूपमध्ये ॲसिड आणि दुसऱ्यात कॉस्टिक असं तर कधीच नको. वेळ वाचेलसं वाटतं, पण मेंब्रेनमधून दोन्ही एकमेकांना मारतात.

शेवटी १ टक्के मिठाचं पाणी १० मिनिटं, आणि पटल_आणि_प्रवाह यांनी सांगितलेली ५० व्होल्टची चाचणी. त्या आकड्याशिवाय सीआयपी ‘झाली’ म्हणू नका.

आणखी एक. डेअरीच्या इतर विभागांतलं तयार डिटर्जंट इथे चुकूनही येऊ देऊ नका. त्यातले ॲनायनिक सर्फॅक्टंट ॲनायन मेंब्रेनमध्ये शिरून कायमचे बसतात. कॅटायनिक सॅनिटायझर कॅटायन मेंब्रेनचं तेच करतात. मिठानेही ते पूर्ण सुटत नाहीत. क्लोरीनही नको.

पटल_आणि_प्रवाह

@धुवण_तज्ज्ञ, सगळं मान्य, फक्त ‘ॲसिड आधी’ या क्रमाबद्दल थोडी सावधगिरी सुचवतो. प्रोटीनचा थर जाड असेल तर ॲसिड शिरताना पीएच ५ ते ४ च्या पट्ट्यातून जातो आणि तिथे केसीनचे उरलेले कणही साकळतात. ॲसिड हळूहळू टाकत गेलं तर थर त्या पट्ट्यात बराच वेळ राहतो. म्हणून टाकीत आधी पूर्ण तीव्रतेचं द्रावण बनवा आणि मगच स्टॅककडे सोडा, म्हणजे पीएच थेट १ च्या खाली जाईल.

आणि क्रमाचा वाद बीकरमध्ये मिटतो. उघडलेल्या स्टॅकमधल्या खराब मेंब्रेनच्या ५ बाय ५ सेंमीच्या चार पट्ट्या कापा. एक ॲसिड मग मीठ-कॉस्टिक, दुसरी उलट क्रमाने, तिसरी मीठ-कॉस्टिक, ॲसिड, पुन्हा मीठ-कॉस्टिक, चौथी नुसत्या मिठात. सगळ्या शेवटी ०.५ टक्के मिठात तासभर ठेवून त्यांचा रेझिस्टन्स मोजा. मोजायची सोय नसेल तर निदान थर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. एक मेंब्रेन खर्ची पडते, पण २०० पेअरवर प्रयोग करण्यापेक्षा हे बरं.

रसवंत_प्रक्रिया

मध्येच विचारतो: बेरीच्या रसाची आम्लता कमी करताना ॲनायन मेंब्रेन तपकिरी-लाल होतात. तिथे कॅल्शियम नगण्य आहे. हाच क्रम चालेल का?

क्षारमापक

तुमचा मळ वेगळा. तो पॉलिफेनॉलचा. स्टायरीन-डायव्हिनाइलबेंझीनच्या मेंब्रेनमध्ये बेंझीनची कडी असतात आणि पॉलिफेनॉलचीही कडी त्यांना थराला थर लावल्यासारखी चिकटतात. शिवाय हायड्रोजन बंध. विद्युतभार हे त्यातलं एकच कारण असल्याने नुसती ॲसिड-सीआयपी फारशी उपयोगी पडत नाही. ५ टक्के मिठाने सुरुवात करा आणि नंतर मीठ-कॉस्टिक थोडाच वेळ. अल्कधर्मी पाण्यात पॉलिफेनॉल हवेने ऑक्सिडाइझ होऊन आणखी गडद आणि चिवट होतात, तेव्हा द्राव शिळा झाला की फेकून द्या. रंगावरून निष्कर्ष काढू नका, थोडा डाग राहूनही मेंब्रेन चांगली चालू शकते. मिठाच्या पाण्यातला करंट पाहा. पुढच्या खरेदीत ॲलिफॅटिक पायाच्या ॲनायन मेंब्रेनचा विचार करा, त्यांना हा चिकटा कमी बसतो. कॅटायन मेंब्रेनही लाल दिसत असेल तर ती अँथोसायनिन, म्हणजे बेरीची लाल रंगद्रव्यं आहेत. आंबट रसात ती धनभारित असतात, म्हणून कॅटायन मेंब्रेनकडेही जातात.

निवळी_प्रक्रिया

पट्ट्यांची चाचणी केली. ॲसिड आधी आणि मग मीठ-कॉस्टिक या पट्टीवर थर उरला नाही. उलट क्रमाच्या पट्टीवर पिवळा पापुद्रा राहिला. मग स्टॅकवर तोच क्रम घेतला. ५० व्होल्टच्या चाचणीत करंट सीआयपीआधीच्या तुलनेत बराच वर आला, पण नव्या मेंब्रेनवरचा जुना आकडा नसल्याने किती बाकी आहे ते सांगता येत नाही.

दोन प्रश्न उरलेत. दोन बॅचच्या मध्ये पोलॅरिटी (इलेक्ट्रोडची धन-ऋण टोकं) उलटी केली तर थर बसायचाच टळेल का? आणि काही मेंब्रेन अजून काळपट आहेत, त्या ठेवू की काढू?

क्षारमापक

पोलॅरिटी उलटण्याआधी इलेक्ट्रोड कोणते आहेत ते पाहा. दोन्ही प्लॅटिनाइज्ड टायटॅनियमचे असतील आणि उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच करा. कॅथोड स्टेनलेसचा असेल तर उलटल्यावर तो ॲनोड होऊन विरघळायला लागेल, आणि लोह-निकेल मेंब्रेनमध्ये जाऊन बसतील.

पाण्याच्या प्लांटमध्ये दर १५ ते ३० मिनिटांनी उलटतात. व्हेमध्ये तसं करता येत नाही, कारण उलटलं की डायल्युएटचे कप्पे कॉन्सन्ट्रेटचे होतात, आणि प्रत्येक वेळी कप्प्यांतला माल वाया जातो. पण सीआयपीमध्ये, मीठ-कॉस्टिक काढून धुतल्यानंतर, दोन्ही लूपमध्ये १ टक्का मीठ भरून २० ते ३० मिनिटं कमी करंटवर उलटं चालवलं तर ॲनायन मेंब्रेनला चिकटलेले भारित रेणू मागे ढकलले जातात. इलेक्ट्रोडच्या लूपमध्ये सोडियम सल्फेट ठेवा. तिथे मीठ असेल तर ॲनोडवर क्लोरीन तयार होईल आणि टोकाच्या मेंब्रेन जातील.

याचंच दुसरं रूप म्हणजे करंट स्पंदांमध्ये देणं: १० सेकंद चालू, १० सेकंद बंद. बंद काळात मेंब्रेनजवळचा ओसाड थर पुन्हा आयनांनी भरतो आणि प्रोटीन थोडं सैल होतं. रेक्टिफायर तसा असेल तर शेवटच्या ३ एमएसच्या खाली वापरून पाहण्यासारखं आहे. आधी करंटची मर्यादा मात्र घाला, तिच्याशिवाय बाकीच्या सगळ्याचा परिणाम चार दिवस टिकेल.

पटल_आणि_प्रवाह

काळपट मेंब्रेनचं: दोन-तीन नमुन्यांची आयन एक्स्चेंज कपॅसिटी (मेंब्रेनमध्ये किती भारित गट शिल्लक आहेत) काढा. तुकडा १ मोलर मिठात बुडवून क्लोराइड रूपात आणा, डिमिन पाण्याने धुवा, मग ०.५ मोलर सोडियम नायट्रेटमध्ये रात्रभर ठेवा आणि बाहेर आलेलं क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करा. तुकडा सुकवून त्याचं वजन घ्या. त्याच जातीच्या न वापरलेल्या मेंब्रेनशी तुलना करा. कपॅसिटी फारशी घटलेली नसेल तर रंगाकडे दुर्लक्ष करा. एक चतुर्थांशाहून जास्त घटली असेल, किंवा वाकवल्यावर तडा जात असेल, तर काढा.

काही बदलाव्या लागल्या तर नव्या मेंब्रेन स्टॅकभर विखरू नका, एका टोकाला सलग लावा, म्हणजे पुढे व्होल्टेज मोजताना नव्या-जुन्याचा फरक वेगळा दिसेल. जोडताना ॲनायन आणि कॅटायन यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. शंका आली तर कोपऱ्यातला बारीक तुकडा मिथिलीन ब्लूमध्ये टाका. कॅटायन मेंब्रेन गडद निळी होते, ॲनायन जवळजवळ तशीच राहते. एकाच जातीच्या दोन लागोपाठ लागल्या तर तो पेअर काम करत नाही. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. आधी ०.५ टक्के मिठाच्या पाण्यावर एक तास फिरवून एका लूपमधून दुसऱ्यात पाणी जातंय का ते दोन्ही टाक्यांच्या पातळीवरून पाहा. डायल्युएटकडचं प्रेशर किंचित जास्त ठेवा, म्हणजे गळती झालीच तर ब्राइन मालात शिरणार नाही. आणि त्याच दिवशी ५० व्होल्टचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.